पत्र्यावर कोण चढणार?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपून देते.

"आमचं घर पुढून स्लॅबचं, मागे जुनी शेड. शेडमध्ये पूर्वी टॉवेलचे दोन माग होते, ते विकले. आता तिथं स्वयंपाकघर आणि अडगळ. पुढच्या ओट्यावर लोखंडी पत्रा आहे, मागच्या शेडवर सिमेंटचा. दोन्हीकडं पन्हळी आहेत. शेजाऱ्यांचा लिंब मागच्या पत्र्यावर वाकलाय, त्यामुळं ती पन्हळ दरवर्षी तुंबते आणि पाणी भिंतीत मुरतं. पोलवरून मीटरला येणारी वायरही त्याच पत्र्यावरून गेलीय. इतकी वर्षं मामा, म्हणजे माझे सासरे, स्वतः वर चढून साफ करायचे. वय 72, मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरच्या कामगारांचे मुकादम होते. गेल्या वर्षी उतरताना पाय घसरला, थोडक्यात वाचले. यंदा माणूस लावते म्हटलं तर म्हणाले, 'पन्हळ काढायला बी पैसे? मी काय म्हातारा झालो व्हय?' मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवारी येतात. ते म्हणतात मी करतो, पण त्यांना सवय नाही. एक माणूस आठशे रुपयांत दोन्ही पन्हळी करतो म्हणतोय. वर हजार दिले तर सेप्टिक टाकीत उतरून गाळही काढतो म्हणाला. मामांचं म्हणणं, त्यापेक्षा शेजाऱ्यांना सांगून लिंबच तोडू. मृग जवळ आला. काय करू?"

ताई, तुम्ही विचारलंय की घरच्यानं करावं की माणूस लावावा. तो प्रश्न नंतरचा. आधी हे बघू, की कुठल्या जागेवर माणूस जाऊच नये. कारण मामांच्या जागी आठशे रुपयांचा माणूस चढवला म्हणून पत्रा मजबूत होत नाही. पडला तर फरक एवढाच, की तो तुमच्या घरचा नसेल, दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा असेल.

मागच्या सिमेंटच्या पत्र्यावर कुणीही पाय ठेवायचा नाही. मामांनी नाही, मिस्टरांनी नाही, त्या माणसानंही नाही.

लोखंडी पत्रा वजनानं वाकतो, कुरकुरतो, सावध करतो. सिमेंटचा पत्रा तसं काही करत नाही. दिसायला फरशीसारखा टणक, आणि फुटतो तेव्हा एकदम फुटतो. सोलापूरच्या उन्हात वर्षानुवर्षं तापून आणि पावसात भिजून तो आणखी ठिसूळ झालेला असतो. मागाची शेड म्हणजे उंची चांगलीच असणार, आणि खाली आता तुमचा ओटा, शेगडी, भांडी. मामा इतकी वर्षं सुखरूप उतरले ते बोल्टांच्या ओळीवरून चालायचे म्हणून. बोल्ट जिथं, तिथं खाली अँगल किंवा वासा असतो, हे त्यांना ठाऊक आहे. पण तोल गेला की पाय बोल्टाची ओळ बघून पडत नाही.

मागाच्या जुन्या शेडीत आणखी एक फसवी गोष्ट असते. आत उजेड यावा म्हणून मधे एखादा फायबरचा पत्रा बसवलेला असतो. नवा असताना तो पारदर्शक दिसतो. दहा-पंधरा वर्षं धूळ आणि कबुतरांची घाण बसली की वरून तो सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसतो, आणि वजन तर अजिबात पेलत नाही. दुपारी शेडीत उभं राहून वर बघा. कुठं मळकट पिवळा उजेड येतोय का? येत असेल तर बाहेरच्या भिंतीवर त्या रेषेत रंगानं मोठी फुली मारून ठेवा. पुढं कधी पत्रेवाला आला तरी उपयोगी पडेल.

शिवाय जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा शांत पडून असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. पण तो तारेच्या ब्रशनं घासला, फोडला, कोरडा खरवडला की बारीक तंतू उडतात, ते फुप्फुसात बसतात आणि आजार कैक वर्षांनी दिसतो. म्हणून या पन्हळीत कोरडा खराटा चालवायचा नाही. आधी पाणी शिंपडून कचरा ओला करायचा, मग काढायचा. कबुतरांच्या विष्ठेलाही हाच नियम, कारण तिची कोरडी धूळही छातीला वाईट. नाकाला चांगला मास्क आणि हातात जाड रबरी मोजे हवेत, कारण कुजलेल्या पानांत विंचू बसलेला असू शकतो.

आता वायर. अशा घरांत बहुतेक जण एक समजूत धरून चालतात: मेन स्विच बंद केला की झालं. नाही झालं. मेन स्विचनं घरातली वीज बंद होते. पोलपासून मीटरपर्यंतची वायर तशीच जिवंत असते, आणि तुमच्या पत्र्यावरून नेमकी तीच गेलीय. तिचं आवरण उन्हानं तडकलेलं असेल, लिंबाची फांदी वाऱ्यात घासून सोललं असेल, तर ॲल्युमिनियमची शिडी किंवा ओली पाइप तिला लागायचा अवकाश. काम सुरू करण्यापूर्वी महावितरणच्या 1912 क्रमांकावर तक्रार नोंदवा, किंवा तुमच्या भागातल्या कार्यालयात लेखी अर्ज द्या: सर्व्हिस वायर पत्र्याला टेकते आहे, ती उंच करून हवी, आणि साफसफाईपुरता पोलवरून पुरवठा तोडून हवा. ओल्या दिवसांत पुढच्या लोखंडी पत्र्याला किंवा त्याच्या खांबाला हात लावल्यावर कधी झिणझिण्या आल्या असतील, तर तेही सांगा. तशा झिणझिण्यांना आपल्याकडं 'थोडा करंट मारतंय' म्हणून सोडून देतात. ते सोडून द्यायचं नसतं.

मग मागची पन्हळ साफ कशी होणार? बाहेरून. ती शेजाऱ्यांच्या बाजूला आहे, म्हणजे शिडी त्यांच्या अंगणात लागली पाहिजे. त्यांची परवानगी काढा. लिंब त्यांचा आहे, कचरा त्यांच्याच झाडाचा आहे, एवढं तर ते देतीलच. शिडीवर उभं राहून, पत्र्यावर न जाता, हातभर पुढं आणि हातभर मागं एवढाच भाग साफ करायचा, मग खाली उतरून शिडी सरकवायची. कंटाळवाणं आहे, पण पडण्याचे बहुतेक प्रसंग 'एवढं टोक राहिलंय' म्हणून वाकताना येतात.

ही बाजू मात्र माणूस लावूनच करा. मिस्टरांना सवय नाही असं तुम्हीच लिहिलंय. उंच शिडी आणि जवळून गेलेली वायर ही शिकायची जागा नाही.

पुढचा पत्रा आणि गच्ची घरच्या घरी होण्यासारखी आहे. गच्चीवर तर काही प्रश्नच नाही. कठडा असेल तर मिस्टरांनी शनिवारी सकाळी खराटा घेऊन पाइपांची तोंडं मोकळी करावीत. गल्लीतल्या पोरांचा चेंडू, प्लास्टिकची पिशवी, वाळवणाच्या कापडाची चिंधी, यातलं एक तरी तिथं सापडतंच. पाइपच्या तोंडावर सपाट जाळी असेल तर ती बदलून घुमटासारखी उभी जाळी बसवा. सपाट जाळीवर चार पानं आडवी पडली की ती बंद. घुमटाच्या जाळीत पानं बुडाशी अडकली तरी वरून पाणी जात राहतं.

ओट्याच्या पन्हळीला शिडी लागेल. त्यासाठी थोडं तपशिलात सांगते. शिडी जितकी उंच टेकवायची, त्याच्या चौथा हिस्सा पाया भिंतीपासून लांब. म्हणजे बारा फुटांवर टेकली तर पाय तीन फूट बाहेर. त्याहून जवळ ठेवली तर माणूस मागं उलटतो, त्याहून लांब ठेवली तर पाय सटकतो. शिडी पन्हळीला टेकवायची नाही, कारण पन्हळीचा पत्रा तेवढं वजन घेत नाही आणि वाकतो. भिंतीला किंवा खांबाला टेकवा आणि वरून सुतळीनं नाही, चांगल्या दोरानं बांधा. अंगणात शहाबादी फरशी असेल तर ओली नसावी, आणि शिडीखाली गोणपाट घालू नये. गोणपाट घसरू नये म्हणून घालतात आणि तेच घसरतं. खाली एक धडधाकट माणूस शिडी धरून उभा हवा, हातात मोबाइल न घेता. वर चढणाऱ्याच्या पायात स्लिपर नको, लुंगी नको. कचरा भरायला बादली दोरीनं सोडायची, हातात धरून उतरायचं नाही. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, शिडीला कायम लागलेले असले पाहिजेत.

वेळ सकाळी सातची. मे महिन्यात अकरानंतर आपल्याकडचा पत्रा म्हणजे तवा. हात भाजला की माणूस दचकून सोडतो.

ओट्यासाठी शिडीही टाळता येईल. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा लांब तुकडा घ्या, वरच्या टोकाला दोन एल्बो लावून छत्रीच्या मुठीसारखा वळवा, खालच्या टोकाला होज जोडा. जमिनीवर उभं राहून पन्हळीत पाणी मारता येतं. कोणताही प्लंबर असा जोड लगेच करून देईल. मागच्या बाजूला मात्र हे वापरू नका, वायर आहे. आणि पाणी नळाचं नको. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात पन्हळ धुवायला ते घालवणं बरं दिसत नाही. कपडे धुतलेलं पाणी गाळून चालतं. शेवटी एका टोकाला बादलीभर पाणी ओतून बघा. ते दुसऱ्या टोकाला जाऊन पाइपात पडलं पाहिजे. मधेच थांबलं तर कचरा नाही, उतार गेलाय. दहा फुटाला निदान अर्धा-एक इंच उतार हवा. तो हूक बदलून मिळतो, घासून मिळत नाही. पन्हळीत साचून राहिलेलं पाणी आठ-दहा दिवसांत डासांची पैदास करतं, तेही डेंगीच्याच हंगामात.

माणूस कोण लावायचा? नाक्यावरचा बिगारी नको. पत्र्याची शेडं उभी करणारा फॅब्रिकेशनवाला बोलवा, कारण अँगल कुठं आहेत, पत्रा कशावर बसलाय, हे त्याला न चढता कळतं. त्याला एकच विचारा: "पाय कुठं ठेवणार?" तो "शिडीवरनंच करतो, एक पोरगा खाली धरायला आणतो" म्हणाला तर काम द्या. "काय होत नाही ताई, रोजचंच आहे" म्हणाला तर चहा पाजा आणि पाठवा. कमरेचा पट्टा दाखवून कुणी सेफ्टीचं सांगत असेल तर तो पट्टा कशाला बांधणार ते विचारा. गच्चीच्या सिमेंटच्या खांबाला बांधला तर अर्थ आहे. टाकीच्या पाइपला किंवा विटांच्या कठड्याला बांधलेला पट्टा फोटोपुरता. नुसत्या कमरपट्ट्यापेक्षा खांद्यावरून आणि मांड्यांतून जाणारा पूर्ण पट्टा हवा. कमरपट्ट्यावर लटकलेल्या माणसाचा पाठीचा कणा जाऊ शकतो.

आठशेत एकटा येत असेल तर बाराशे द्या आणि दोघांना बोलवा. भाव करायचाच असेल तर कचरा उचलून नेण्यावर करा, दुसऱ्या माणसावर करू नका. आणि त्याचा विमा आहे का, हे विचारायला लाजू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण आहे, बँकेच्या खात्यातून पैसे कापले जातात. जूनपासून नवं वर्ष सुरू होतं. नसेल तर त्याच्यासमोर 20 रुपये काढून द्या आणि बँकेत पाठवा.

ही योजना 18 ते 70 वयासाठी आहे. मामांना हे सांगायचं का ते तुम्ही ठरवा. मी सांगितलं असतं.

मामांशी बोलायचं कसं, हा तुमच्या पत्रातला खरा अवघड भाग. वयाचा विषय काढू नका. "पडलात तर आम्हाला बघावं लागेल" हेही नको, कारण ते खरं असलं तरी ऐकणाऱ्याला तो हिशोब वाटतो. मामा जॉबर होते. मागावर नवीन आलेल्या पोराला जॉबरनं शिकवलेली पहिली गोष्ट कुठली? चालू मागात हात घालायचा नाही, आधी बंद कर. एखादा पोरगा घाईत हात घालायला गेला तर त्याला मामांनी काय सुनावलं असेल, ते त्यांच्याकडूनच ऐका. मग म्हणा, मामा, आपली ती वायर अजून चालूच आहे. जॉबरला हे पटतं. नाही पटलं तर निदान गप्प बसतात.

आणि त्यांना कामातून काढू नका, कामावर ठेवा. कुठल्या सांध्यातून पाणी येतं, कुठला हूक सुटलाय, कुठल्या भिंतीत मुरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. फॅब्रिकेशनवाला आला की खुर्ची टाकून मामांना अंगणात बसवा आणि काम त्यांच्या हुकमानं होऊ द्या. मजुरीचे पैसेही त्यांच्याच हातून द्यायला लावा. शिडी धरायला मात्र त्यांना उभं करू नका. वरून कुणी घसरलं तर ते वजन 72 व्या वर्षी झेपत नाही. चाळिशीचा दुहेरी चष्मा लावून शिडी उतरताना पायरी जवळ आहे की लांब हे नीट कळत नाही, गेल्या वर्षी पाय घसरला त्यात त्याचाही वाटा असेल. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मान वर करून काम करताना गरगरतंही.

टाकीचं उत्तर एका वाक्यात: त्या माणसाला टाकीत उतरवायचं नाही, हजार रुपयांत नाही आणि दहा हजारांतही नाही. सेप्टिक टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असेल तर नाक बधिर होऊन वासच येत नाही, आणि माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रात तुम्ही हे वाचलं असेल. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा यासाठीच आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाला टाकीत किंवा गटारात उतरवलं तर पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काम लावून देणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. मृताच्या कुटुंबाची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख केली. महापालिकेकडं किंवा खासगी गाडीवाल्याकडं टाकी उपसायची सक्शन गाडी मिळते. वरून पाइप सोडून उपसतात, कुणी आत जात नाही. दोन-तीन वर्षांनी एकदा एवढं केलं की पुरतं. आणि तो आठशेवाला माणूस टाकीत उतरायला इतक्या सहज तयार असेल, तर पत्र्यावर तो काय काळजी घेणार, याचाही अंदाज येतो.

लिंब तोडायचा विचार सोडा. शहरात झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि उन्हाळ्यात त्याच झाडाची सावली तुमच्या पत्र्यावर पडते हे मामाही विसरले नसतील. पत्र्यावर आणि वायरीवर आलेल्या फांद्या छाटायच्या तर शेजाऱ्यांनी आणि तुम्ही मिळून महापालिकेच्या उद्यान विभागाकडं अर्ज करा.

लिंबाचं वेळापत्रक ध्यानात ठेवा. पानगळ माघ-फाल्गुनात होते, ती आत्ता पन्हळीत पडून आहे. पण पाइप खरा बंद करतात त्या लिंबोळ्या, आणि त्या पिकून गळतात पाऊस सुरू झाल्यावर, जून-जुलैत. आपल्याकडं सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, परतीचा. म्हणून एक सफाई आता आणि दुसरी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. लोक मृगाआधीची करतात, दुसरी विसरतात, आणि उत्तरा-हस्तात भिंत ओली झाली की पत्र्याला दोष देतात. फॅब्रिकेशनवाल्याशी दोन्ही खेपांचं आताच बोलून ठेवा, भावही बरा पडेल.

पुढच्या पन्हळीखाली झाकणाचं पिंप ठेवता आलं तर ठेवा. शंभर चौरस फूट पत्र्यावर एक इंच पाऊस पडला की दोनशे लिटरहून अधिक पाणी उतरतं. पहिल्या एक-दोन सरींचं सोडून द्या, ते धुळीचं असतं. नंतरचं भांड्यांना, फरशीला, झाडांना चालतं. मागच्या सिमेंटच्या पत्र्याचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला घेऊ नका.

सगळ्यात आधी 1912 ला फोन, आजच. लाइनमन यायला दिवस जातात. तो येऊन वायर बघेपर्यंत मागच्या बाजूला शिडी लावू देऊ नका, फॅब्रिकेशनवाल्यालाही नाही. घरातली शिडी तोवर आत, कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःकडं. मामा पहाटे लवकर उठत असतील.